छत्रीवाला आणि आमचे चेअरमन

माझी धाकटी लेक लातूरला शिकते. सुट्टीत घरी येताना कपडे कमी आणि पुस्तकं जास्त आणते, आणि त्या पुस्तकांत माणसं नुसती मरत असतात. जपानी चित्रकथा असतात त्या, मांगा म्हणतात. अभ्यासाचं काहीतरी असेल म्हणून मी एकदा कौतुकानं एक उघडलं, तर पहिल्याच पानावर एक माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला. पुढच्या पानावर त्याच्या पाठीतून कुऱ्हाड बाहेर निघाली. त्याच्या पुढच्या पानावर तो उठून बसला, आणि आणखी दोन पानांनी शेजाऱ्याबरोबर हसत चहा प्यायला लागला.

मी म्हणालो, "काय औषध दिलं गं ह्याला?"

लेक पोट धरून हसली. ती पुस्तकं म्हणे आपल्या मागच्या बाजूनं वाचायची असतात. मी शेवटाकडून सुरुवातीकडं चाललो होतो.

"मग नीट वाचलं तर?"

"नीट वाचलं तर चहा आधी, कुऱ्हाड नंतर."

बापाची अक्कल बघून तिनं मग स्वतःच वाचून दाखवायला घेतलं. उन्हाळ्याची दुपार, पत्रे तापलेले, आम्ही अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली. गोष्टीतल्या गावात कायम पाऊस पडतो. माझा विश्वास तिथंच उडाला होता, पण ऐकत राहिलो. त्या गावात छत्र्या दुरुस्त करणारा एकजण असतो. देखणा, सडपातळ, बोलणं लोण्यासारखं. गिऱ्हाईक आलं की आधी विचारतो, "भिजलात का?" बसायला देतो, चहा देतो, आणि छत्रीची काडी सरळ करता करता एखादंच वाक्य बोलतो. गिऱ्हाईक घरी जातं आणि भागीदाराच्या पाठीत कुऱ्हाड घालतं. दुसरं गिऱ्हाईक उकळतं तेल सुनेच्या अंगावर ओततं. तिसरी एक बाई सख्ख्या भावाची बोटं कालव्याच्या लोखंडी दाराखाली चिरडते. दुसरं पुस्तक संपेपर्यंत सात मुडदे पडले, आणि छत्रीवाल्याच्या हाताला शाईचा डागसुद्धा नाही. रक्त काळंच छापलेलं असतं, पण लेक ती पानं उलटताना बोट सावकाश फिरवायची.

"पप्पा, मला हाच लई आवडतो," ती म्हणाली. "कुणाला हातच लावत नाही. बाकी सगळे त्याच्या दोरीवरच्या बाहुल्या. त्यांचा काय दोष?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसता आलं असतं तर मी आयुष्यात पुष्कळ कमी मार खाल्ला असता. मी म्हणालो, "ह्यात काय एवढं? असला एक आमच्या दूध संस्थेत होता."

तिनं पुस्तक मिटलं. "कोण? काय केलं त्यानं?"

आता आधी माझ्या थोरल्या भावाच्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. दादाचा उजवा हात मनगटापासून वाकडा आहे. मूठ पूर्ण वळत नाही. भाकरी मोडताना तो ती ताटाच्या कडेला दाबून धरतो आणि डाव्या हातानं तुकडा ओढतो. हा हात कसा मोडला, ते आमच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना पाठ आहे, कारण ते मी सांगत आलोय. छावणीत बैल बुजला, साखळीचा फास दादाच्या मनगटाला बसला, बैलानं हिसका दिला आणि दादा गरगर फिरला. हे सांगताना मी बैलही होतो, दादाही होतो आणि मध्ये ओरडणारा मीही होतो. हळदीला, बारशाला, एकदा तर तेराव्यालासुद्धा लोकांनी हे माझ्याकडून करून घेतलंय. दादा कोपऱ्यात बसून ऐकायचा. त्याच्या तोंडावरची रेघ हलायची नाही. लोकांना वाटायचं, किती सोशिक माणूस.

बैलानं काही केलेलं नव्हतं. हात मी मोडला होता.

हे लेकीला सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. ह्या घरात मला बाकी काही मान नाही. हिशेबी माणूस दादा, कष्टाळू माझी बायको, हुशार लेक. मी म्हणजे हसवणारा, कुणाला न दुखवणारा. लेकीच्या लेखी माझी तेवढीच कमाई. आणि दादा तिचा जीव की प्राण. लहानपणी ती चालायला शिकली ती त्याच्या त्याच वाकड्या हाताचं बोट धरून.

पण तिनं ते "त्यांचा काय दोष" म्हटलं ना, ते मला फार बरं वाटलं. बाहुलीचा काय दोष! म्हटलं, ह्या वाटेनं सांगितलं तर आपण सुटतो. म्हणून मी सांगायला बसलो.

त्या दुष्काळात सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला, आणि जनावरामागं घरटी एक माणूस तिथंच मुक्कामाला. चारा म्हणजे ऊस आणि उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला. ऊस खाऊन खाऊन जनावरांच्या जिभा चिरायच्या, ओठातून रक्त यायचं. माणसांची गत काही वेगळी नव्हती. टँकर आला की घागरी उडायच्या. दोन सख्ख्या जावांनी एकमेकींची डोकी फोडली आणि टाके घालून केजच्या दवाखान्यातून एकाच जीपनं परत आल्या, खिडकीच्या जागेवरून भांडत. चाऱ्याच्या रांगेत एकानं दुसऱ्याच्या तोंडावर चाबूक ओढला, डोळा थोडक्यात वाचला. एकानं तर चुलत भावाचा कान दातानं तोडला. "आता ह्याला बिल्ला कुठं मारायचा?" असं तेव्हा मीच म्हणालो होतो. सगळी छावणी हसली होती. ज्याचा कान गेला तो मातीत कान शोधत होता.

छावणीच्या तोंडाशी चेअरमन बसायचे. गोल अंगाचे, धुतलेल्या बटाट्यासारखे. प्लास्टिकची खुर्ची, शेजारी चहाचा थर्मास. त्यांच्या तोंडून कधी शिवी ऐकली नाही. लहानथोर सगळ्यांना "राजा" म्हणायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का, राजा?" प्रत्येक मारामारीच्या आधी दोघांपैकी एकजण तरी त्या थर्मासातला चहा पिऊन आलेला असायचा. हे मला आज कळतं. तेव्हा मी त्यांना देवमाणूस म्हणायचो, कारण मला ते दोन कप द्यायचे.

संस्थेची निवडणूक तोंडावर आलेली. दादा त्यांच्या विरोधात फॉर्म भरणार होता. आमची भावकी मोठी; आम्ही दोघं भाऊ एक राहिलो तर ती सगळी दादाच्या मागं उभी राहणार, हे चेअरमननाही ठाऊक होतं. पण त्यांनी दादाला फॉर्म भरू नको असं एकदाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त बैलांच्या जागा बदलल्या.

वाटणीत आम्हाला एकाच जोडीचा एकेक बैल आला होता. आमच्यात सावड होती. पेरणी-पाळीला दोन्ही बैल एका जूला, एक दिवस त्याच्या रानात, एक दिवस माझ्या. दादाचा बैल डावीकडं चालायचा, माझा उजवीकडं. उभे राहायचे तेही तसेच, अंगाला अंग लावून. असली जोडी फोडली की बैल चाऱ्याला तोंड लावत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. एक दिवस मी पाणी आणून बघतो तर दादाचा बैल छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधलेला.

चेअरमननी मला बोलावलं. "जेवलास का, राजा? बस. तुझा दादा म्हंजे सोनं हाय. त्येनंच सांगितलं, माझा बैल आलग बांधा. मी म्हनलं, आरं सावडीची जोडी हाय. तर म्हनला, आता सावड मोडायचीच हाय." चहा ओतला. "जाऊ दे. भाऊ हाय तुझा. त्या पलीकडच्या छावणीत कुनी तरी भावाच्या बैलाला खताचा युरिया चारला म्हनं, बैल जाग्यावर गेला. आपल्यात तसलं न्हाई. आपलं आपल्या जनावरावर ध्यान ठेवावं, एवढंच."

बस, एवढंच बोलले. पुढचे तीन दिवस माझा बैल उपाशी उभा. कातडं हाडाला चिकटलं, डोळे खोल गेले. मी त्याच्या शेजारी बसून दादाला मनातल्या मनात किती प्रकारांनी मारलं त्याला गणती नाही. आमच्या लहानपणीच्या सगळ्या गोष्टी मी उकरून काढल्या. कधी त्यानं माझी गोफण मोडली होती, तीसुद्धा. बिचाऱ्या छत्रीवाल्याला प्रत्येक वेळी नवं वाक्य शोधावं लागतं. माझ्यासारखं गिऱ्हाईक भेटलं असतं तर त्याचं एका वाक्यात भागलं असतं.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी टँकरवरून परत आलो. बाकीची छावणी अजून टँकरच्या रांगेतच होती. बघतो तर दादा माझ्या बैलापाशी. डाव्या हातानं त्यानं बैलाची जीभ बाहेर ओढून धरलेली आणि उजव्या तळहातावर पांढरे दाणे.

इथपर्यंत मी लेकीला सांगितलं, आणि तेवढ्यात अंगणाचं दार वाजलं. दादा आत आला. शेजारीच राहतो, चारच्या चहाला रोज येतो. मी सवयीनं बाजेवरून उठलो, त्याला जागा दिली. तो बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"काय चाललंय बापलेकीचं?"

"मोठे बाबा, पप्पा छावणीतलं सांगतायत. तुमच्या तळहातावर पांढरे दाणे होते, तिथपर्यंत आलंय," लेक म्हणाली. "पुढं काय झालं, पप्पा?"

मी दादाकडं बघितलं. तो टोपीची घडी नीट करत होता. मला वाटलं होतं, हा म्हणेल, जाऊ दे, मेलेली मढी कावून उकरता. तो टोपीचीच घडी घालत राहिला. मग माझ्या तोंडून निघालं ते सरळ निघालं, त्यात बैलाचा आवाज नव्हता, हातवारे नव्हते.

खुंटे ठोकायचा बाभळीचा दांडका तिथंच पडलेला होता. मी तो उचलला आणि त्या हातावर घातला. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. दादा खाली बसला. बैल मागं सरला. मी ओरडत होतो, "माझ्या बैलाला इख घालतो का बे?" आणि दादा धुळीत बसून, लोंबता हात मांडीवर घेऊन, माझ्याकडं बघत एवढंच म्हणाला, "मीठ हाय, येड्या. मीठ."

चारा न खाणाऱ्या जनावराच्या जिभेला मीठ चोळतात. आमच्या आज्यापासून चोळत आलोत. माझा बैल उपाशी आहे हे त्याला त्या टोकाहून दिसलं, म्हणून तो घरून खडे मीठ घेऊन आला होता. मला ते दिसलं नाही. मला युरिया दिसला, कारण तीन दिवस मी युरियाच बघत बसलो होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जेवढं चोळून झालं होतं तेवढ्यावर बैलानं त्याच दिवशी उन्हं उतरता उतरता वाढं ओढायला सुरुवात केली.

चेअरमन खुर्चीतून उठून आले. डोळ्यांत पाणी. "आरं राजा, काय केलंस हे?" त्यांनीच जीप काढली, दादाला केजला नेलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "घाबरू नको. बैलानं हिसका दिला, साखळीत हात घावला, असं सांग. मी हाय." म्हणजे बघा, माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट, जिच्यावर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, ती मुळात त्यांची. मी नुसती आवाज काढायची भर घातली. फॉर्म भरायच्या दिवशी दादा प्लास्टरमध्ये, केजच्या दवाखान्यातच होता. चेअरमन बिनविरोध निवडून आले. हार घालायला मी पुढं होतो.

माझं सांगून झालं. लेक कुणाकडंच बघत नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे त्यानंच केलं. पप्पांच्या हातून करवून घेतलं." माझ्या बाजूनंच बोलत होती ती. मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मला रडूही आलं, आणि त्या रडण्यात थोडा सुटल्याचा आनंद होता.

तेव्हा दादा बोलला.

"त्येनं मलाबी बोलावलंतं. त्याच दिवशी, तुझ्या आधी. च्या पाजला. म्हनला, तुझा भाऊ सावड मोडतोय, त्येनंच तुझा बैल लांब बांधाय लावला. आन् युरियाचंबी सांगितलं. सगळं तेच, येका अक्षराचा फरक न्हाई."

"मग?" लेकीनं विचारलं.

"मग काय. राग आलता. लई आलता. तीन दिवस मीबी गेलो न्हाई ह्याच्याकडं. माझ्या बैलाला मीठ चोळलं, त्यो खाया लागला. पन ह्याचा उपाशीच दिसाय लागला. म्हनलं, भाऊ येडा असंल, बैल काय येडा न्हाई. गेलो मीठ घिऊन."

इतक्या वर्षांत मला ह्याचा पत्ता नव्हता. मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच दोरी होती आणि ती माझ्या एकट्याच्या मानेला बांधलेली होती.

"दवाखान्यातबी आलता त्यो," दादा पुढं म्हणाला. "शहाळं घिऊन. म्हनला, भावावर केस कर, राजा, कागद मी तयार करून आनलाय. हात मोडलाय तर डाव्या हाताचा अंगठा दे. मी म्हनलं, हात मोडलाय, डोस्कं न्हाई मोडलं."

लेकीला हसू आलं आणि ते मध्येच थांबलं. ती माझ्याकडं वळली. तिचे डोळे त्या पुस्तकातल्यासारखे मोठे झाले होते.

"पप्पा, तुम्ही किती वेळा मारलं?"

"एकदा," मी म्हणालो. "एकच दणका बसला." मला तसंच आठवत होतं. आजही डोळे मिटले की दांडका एकदाच खाली येतो.

दादानं टोपी डोक्यावर ठेवली. तो चिडलेला नव्हता. रानाची हद्द कुठून जाते हे सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"तीनदा."

"दादा..."

"पयला मनगटावर. मीठ सांडलं. मग मी सांगितलं तुला, मीठ हाय म्हनून. त्याच्यानंतर दोनदा."

लेक बाजेवरून उठली. मी उभा होतो त्या बाजूला ती बसली होती. तिथून उठून ती दादाच्या पलीकडं जाऊन बसली, भिंतीकडं. पुस्तक होतं तिथंच राहिलं. तिनं दादाचा हात वगैरे हातात घेतला नाही, काही नाही. नुसती त्याच्या बाजूला बसली आणि जमिनीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी विनोदी बोलावं. सुचलंही होतं एक, चेअरमनच्या तोंडावरून. ते मी गिळलं.

मी आठवायला लागलो. पहिला दणका, मीठ, धूळ, त्याचं ते "मीठ हाय, येड्या". मग मी काय केलं? मी ते ऐकलं होतं. कानानं ऐकलं होतं. त्या वेळी माळावर दुसरा आवाज नव्हता. चेअरमन खुर्चीत होते, दहा-पंधरा पावलांवर, आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. दांडका माझ्या हातात होता. आणि तो वर गेला. तो वर जाताना कसा जड लागला होता, ते मला आत्ता, अंगणात उभ्या उभ्या, खांद्यात जाणवलं. दुसरा कोपराच्या खाली बसला होता. तिसऱ्या वेळी दादानं तोंड फिरवलं होतं.

"हो," मी म्हणालो. "तीनदा."

लेकीनं मान वर केली नाही. आतून बायकोनं चहा झाल्याचं सांगितलं. उठून आणायला कुणी गेलं नाही, तेव्हा तीच तीन कप घेऊन बाहेर आली, आमच्याकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता कप ठेवून आत गेली. दादानं डाव्या हातानं त्याचा कप उचलला. एक घोट घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"बस खाली," तो म्हणाला. "उभा कावून ऱ्हायलास?"